तान्हं बाळ आणि आईची ताटातूट : जाणकारांनी लिहा

मुंबईत बाळ आईपासून लांब राहतं त्याची कारणं ठरलेली. कमी दिवसांचं म्हणून पेटीत ठेवलेलं, आईची रजा संपलेली, नाहीतर सांभाळायला कुणी नाही म्हणून गावी आजीकडे धाडलेलं. या कामात रोज असणाऱ्यांनी लिहावं. घरच्या कहाण्या नकोत. काय करायचं आणि कुठे चुकतं, तेवढं सांगा.

नवजात कक्षातली परिचारिका
पेटीतल्या बाळाला आईने हात लावायचा नाही, हा समज अजून पुष्कळ घरांत आहे. बाळाला आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवायची ही कांगारू पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटात सुरू झाली, पेट्या कमी पडत होत्या म्हणून. आज जागतिक आरोग्य संघटना ती दिवसाला ८ ते २४ तास करायला सांगते. बाळाच्या अंगावर लंगोट, टोपी, मोजे, बस्स. आईच्या छातीवर उभं धरायचं, पाय बेडकासारखे, मान एका बाजूला वळवून किंचित वर. मग कापडाने बांधायचं, कापडाची वरची कड बाळाच्या कानाखाली येईल अशी. चूक इथे होते: कापड सैल राहिलं की बाळ घसरतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट दबते. एका बैठकीला तासभर तरी द्या. सारखी काढघाल केली तर बाळाची दगदगच होते. आईला उठता येत नसेल तर बाबांची छाती चालते. मात्र बाबांनी आंघोळ करून यावं, लोकलच्या घामासकट नको.

दूध पहिल्या ६ तासांत पिळायला घ्यावं, मग दिवसरात्र मिळून ८ ते १० वेळा. रात्रीची खेप टाळली की दूध आटायला लागतं. पहिले दोन दिवस जेमतेम चमचाभर येतं, त्यावरून ‘हिला दूधच नाही’ असा निकाल सासर-माहेर दोन्हींकडून लागतो. लावू नका. तोवर दूधपेढीचं, म्हणजे दुसऱ्या आयांनी दान केलेलं दूध मिळू शकतं. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातली पेढी १९८९ पासून आहे, आशियातली पहिली.

पाळणाघर चालवणारी, गोरेगाव
रजा सहा महिन्यांची, म्हणून बाळं सहाव्या-सातव्या महिन्यात येतात. त्या वयात ती तशी कुणाकडेही जातात. आठ-नऊ महिन्यांची झाली की परका माणूस कळायला लागतो आणि रडारड सुरू होते. म्हणून जमलं तर रुजू व्हायच्या दोन-तीन आठवडे आधीच सुरुवात करा, आठवा महिना उजाडेपर्यंत थांबू नका.

पहिले तीन दिवस आईने बाळासोबत तासभर बसायचं, कुठेही जायचं नाही. भरवणं-पुसणं आईच करेल, पाळणाघरातली सांभाळणारी ताई नुसती जवळ. चौथ्या दिवशी आई ‘येते हं’ सांगून दहा-पंधरा मिनिटं जिन्यात. ताईच्या कडेवर बाळ थोड्या वेळात शांत झालं तर पुढे अर्धा तास, तास, मग दुपारची झोप. नाही झालं तर वेळ वाढवायची नाही, आदल्या दिवसावर परत यायचं. सोमवारी नवी पायरी चढू नये, रविवार घरी गेलेला असतो. आणि बाळाची नजर चुकवून निसटू नका. सांगून गेलात तर रडणं पाच मिनिटांनी थांबतं. आई कधी निसटेल यावर नजर ठेवणारं बाळ दिवसभर खेळत नाही.

पाळणाघर निवडताना रंगवलेल्या भिंती पाहू नका. विचारा: माझ्या बाळाची ताई कोणती? ती रजेवर गेली तर कोण? वर्षभरात किती ताया बदलल्या? रांगत्या तीन-चार बाळांमागे एक ताई ठीक. आठांमागे एक असेल तर कुशीत घ्यायला हातच उरत नाही.

स्तनपान सल्लागार
दुधाचं थोडक्यात. पिळलेलं दूध २५ अंशांपर्यंत ४ तास बाहेर टिकतं. मुंबईच्या मे महिन्यात ते गणित विसरा, बर्फाचे पॅक घातलेल्या थंड पिशवीत ठेवा, २४ तास चालतं. फ्रिजमध्ये ४ दिवस, पण मागच्या बाजूला; दारात ठेवलं तर दार उघडझाक करताना ऊब लागते. कोमट पाण्याच्या वाटीत बाटली ठेवून गरम करा, मायक्रोवेव्हमध्ये मधेच चटका राहतो.

बालविकास शिकवणारी
वर ‘शांत झालं’ असं आलंय, त्यावर थोडं. १९५०च्या आसपास लंडनच्या रुग्णालयांत आईवडिलांना भेटायला फारच थोडी मुभा असे. जेम्स रॉबर्टसन यांनी तिथल्या मुलांचं निरीक्षण केलं आणि मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांच्यासोबत ताटातुटीचे तीन टप्पे मांडले: आधी आकांत, मग हताशा, मग अलिप्तपणा. तिसऱ्या टप्प्यातलं मूल खातं, हसतं, नर्सला शहाणं वाटतं. आई आली की मान फिरवतं. तेव्हा शांतता कशी आहे ते पाहा. रुळलेलं बाळ ताईच्या मांडीवर चढतं, पडलं तर तिच्याकडे रडत जातं, संध्याकाळी आईला पाहून रडतं किंवा झेपावतं. कुणाकडेच न जाणारं, आई आली तरी खेळण्यातून मान वर न करणारं गप्प बाळ असेल तर पाळणाघराशी बोला.

आता रोमानियातलं बुखारेस्ट. तिथे २००० पासून अनाथालयातल्या १३६ मुलांवर अभ्यास झाला. निम्मी मुलं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडून पालक कुटुंबांत दिली, बाकीची संस्थेतच राहिली. दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांचं माणसाशी नातं पुष्कळ अंशी सावरलं. उशिरा गेलेल्यांचं तेवढं नाही. पण हा दाखला नोकरीवर जाणाऱ्या आईला कुणी ऐकवू नये! त्या मुलांना पाळ्यांनी बदलणाऱ्या बायांखेरीज आपलं म्हणावं असं कुणीच नव्हतं. आई संध्याकाळी येते आणि दिवसा एक ठरलेली ताई आहे, ही वेगळीच गोष्ट.

कंपनीत रजा पाहणारा
मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे रजा, त्यातले जास्तीत जास्त ८ प्रसूतीआधी. आधीचे ८ वापरले तर बाळाच्या वाट्याला १८ उरतात, म्हणून प्रकृती साथ देत असेल तर मागे राखा. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय हवी आणि दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता येतं. विरारहून फोर्टला येणारीला याचा उपयोग थोडाच. बाळ घेऊन सकाळच्या लोकलमध्ये कोण चढणार?

समुपदेशक, गावी ठेवलेल्या मुलांसोबत काम
कोकणात आजीकडे वर्ष-दोन वर्षं ठेवून शाळेसाठी मुंबईला आणतात. तिथे सगळ्यांना आईची ताटातूट दिसते, आजीची दुसरी ताटातूट कुणी मोजत नाही. मूल आजीला ‘आई’ म्हणत असेल तर सुधारू नका. व्हिडिओ कॉल रोज ठरलेल्या वेळी, पाचच मिनिटं, तोच बडबडगीताचा खेळ. परत आणताना आजीनेही दोन-तीन आठवडे मुंबईत राहावं: पहिल्या आठवड्यात भरवणं आजी करेल, दुसऱ्यात आई करेल आणि आजी शेजारी बसेल, झोपवणं शेवटी. चड्डीत शी-शू होणं, रात्री दचकून उठणं काही आठवडे चालतं. त्यावर ओरडू नका. आजीचं जुनं पातळ उशाशी ठेवा, धुऊ नका. आणि आजी जाईल ती मूल जागं असताना, सांगून. झोपेत ठेवून एसटी गाठली की मूल रात्री झोपायलाच घाबरतं.