मदत हवी आहे: तब्येतीच्या सवयींबद्दल रोजचं इटालियन

नमस्कार मंडळी. दोन महिन्यांपासून इटालियन शिकतेय. दर रविवारी एका इटालियन मैत्रिणीशी व्हिडिओ कॉलवर बोलते. विषय हमखास झोप, चालणं, व्यायाम यांवर येतो आणि तिथेच गाडी अडते.

'फाच्चो योगा', 'दोर्मो ऑत्तो ओरे' (आठ तास झोपते) इतकं जमतं. घोळ होतो तो 'मी'वाल्या क्रियापदांत. 'मी आल्लेनो' म्हणजे व्यायाम करते, 'मी ज़्वेल्यो प्रेस्तो' म्हणजे लवकर उठते. हा 'मी' आपला 'मी' नव्हे, 'स्वतःला' आहे, हे कळतं. पण बोलताना मराठी सवय आड येते आणि 'मी दोर्मो' तोंडून निघून जातं. परवा तिने थांबवून सुधारलं. कोणती क्रियापदं 'मी' घेतात, हे तुम्ही कसं पक्कं केलंत?

शिवाय 'पास्सेज्जाता' मला निवांत फेरफटक्यासारखा वाटतो. घाम येईपर्यंत भरभर चालण्याला 'काम्मिनाता वेलोचे' म्हटलेलं चालेल का? आणि 'जास्त पाणी प्यायचा प्रयत्न करतेय' याला 'चेर्को दी बेरे प्यू आक्क्वा' पुस्तकी तर वाटत नाही ना?

व्याकरणाची पुस्तकं आहेत माझ्याकडे. लोकांच्या तोंडी असलेली वाक्यं हवी आहेत, शक्यतो उच्चारासकट.