रोजच्या धावपळीत मुलांचं ‘पहिल्यांदा केलं’ साजरं कसं करायचं?

वारजेकर_आई
मुलगी साडेतीन वर्षांची, मुलगा १४ महिन्यांचा. आम्ही दोघं हिंजवडीला, घरी यायला पावणेआठ. दिवसभर मुलं सासूबाईंपाशी. या आठवड्यात मुलीने शर्टाचं बटण स्वतः लावलं, मुलाने धरल्याशिवाय दोन पावलं टाकली. आम्हाला दोन्ही कळलं ते व्हॉट्सॲपवर. रविवारी केक आणला, पण तो कशाचा हे मुलीच्या डोक्यातून गेलं होतं. प्रश्न असे: मधल्या वारी दहा मिनिटांत काय करता येईल? स्टिकरचा तक्ता लावावा का? आणि धाकट्याचं कौतुक झालं की थोरली मुद्दाम पसारा करते, त्याचं काय?

बालवाडी_ताई
केक चुकला नाही, वार चुकला. साडेतीन वर्षांच्या मुलाला बुधवारचं बटण आणि रविवारचा केक यांचा संबंध जोडता येत नाही. तिच्या लेखी केक म्हणजे केक. कौतुक त्याच दिवशी, झोपायच्या आत व्हायला हवं. दोनच मिनिटं पुरतात.

त्या दोन मिनिटांत काय म्हणायचं याला महत्त्व आहे. ‘हुशार गं माझी बाय ती’ ऐकायला गोड लागतं, पण त्यातून नक्की काय जमलं ते तिला कळत नाही. जे दिसलं ते सांगा: ‘काज एका हाताने ताणून धरलंस आणि दुसऱ्या हाताने बटण आत ढकललंस.’ हे ऐकलेलं मूल दुसऱ्या दिवशी तीच युक्ती पुन्हा करून बघतं.

बटणाचा विषय निघालाच आहे तर थोडं सविस्तर. सुरुवात सगळ्यात खालच्या बटणापासून करायची, कारण गळ्याजवळचं बटण मुलाला दिसतच नाही. वरची सगळी तुम्ही लावा आणि खालचं अर्धं काजातून काढून ठेवा. उरलेलं अर्धं तिने ओढायचं. ते सहज जमलं की अख्खं बटण तिचं, मग खालून दुसरं. म्हणजे काम दर वेळी तिच्या हातून पूर्ण होतं, अर्धवट सोडून रडारड होत नाही. बटण साधारण २ सेंटीमीटरचं, चपटं असावं. नव्या शर्टाचं काज घट्ट असतं आणि त्यात दोरे लोंबत असतात. ते कापा, बटण दहा-बारा वेळा आत-बाहेर करून काज सैल करा. निम्म्या वेळा मूल अडतं ते काजामुळे, बोटांमुळे नाही. आणि सराव सकाळी शाळेच्या व्हॅनच्या वेळेला तर मुळीच नको. संध्याकाळी हातपाय धुऊन कपडे बदलताना करा.

स्टिकरचा तक्ता: जे मूल आपणहून आवडीने करतंय त्याला लावू नका. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी चित्रं काढायची आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला होता. ‘चित्र काढलंस तर प्रमाणपत्र मिळेल’ असं ज्यांना आधी सांगितलं, ती मुलं नंतर मोकळ्या वेळात चित्रं कमी काढायला लागली. ज्यांना प्रमाणपत्र न सांगता, अचानक मिळालं त्यांचं तसं झालं नाही. तेव्हा बक्षीस द्यायचंच तर आधी कबूल करू नका. नावडत्या कामाला, उदाहरणार्थ रात्री दात घासायला, दोन-तीन आठवडे तक्ता चालेल. सवय लागली की काढून टाका.

सदाशिवपेठी_आजोबा
एक विनंती, बटणासाठी औक्षण करू नका. आमच्या पिढीतल्या काहींना तबक घेऊन उभं राहायला निमित्तच लागतं, मग निरांजन, सुपारी, अंगठी, अक्षता सगळं निघतं. वाढदिवसाला मुलाला त्याचं काही वाटेनासं होतं. रोजच्यासाठी दिवेलागण आहे. देवापाशी दिवा लावून झाला की ‘आज काय नवीन?’ एवढा एक प्रश्न पुरे.

मोठी मजल असेल तर रविवार वापरा, पण खाण्याऐवजी पायांना काम द्या. पर्वतीच्या पायऱ्या १०३ आहेत. कडेवर न बसता मुलगी निम्म्या चढली तरी तो मोठा टप्पा. सकाळी आठच्या आत जा, नंतर ऊन लागतं. पायऱ्या उंचीला कमी आणि खोलीला जास्त आहेत, त्यामुळे लहान मुलांना चढायला सोप्या, पण उतरताना ती पळत सुटतात. उतरताना मोठ्या माणसाने एक पायरी खाली, पुढ्यात चालायचं. कात्रजचं प्राणिसंग्रहालय मनात असेल तर ते बुधवारी बंद असतं, सुट्टी टाकण्याआधी वार बघा.

वारजेकर_आई
ताई, आजोबा, धन्यवाद. एका ग्रुपवर कल्पना वाचली की काचेच्या बरणीत दर नव्या गोष्टीला एक राजमा टाकायचा, बरणी भरली की सहल. करू का?

धायरी_फिजिओ
घरात १४ महिन्यांचं मूल असताना राजमा, चिंचोके, मणी काहीही नको. हे दाणे नाका-कानात जातात, ओल धरून फुगतात आणि मग चिमट्याने निघत नाहीत, फुटतात. श्वासनलिकेत गेला तर त्याहून वाईट. साधारण सव्वा इंचापेक्षा कमी रुंदीची कुठलीही वस्तू या वयात हाताशी ठेवू नये. हाच नियम बोरन्हाणालाही लावा: लहानग्याच्या डोक्यावरून चुरमुरे, बोरं, हरभरे ओतले की पुढची पाच मिनिटं त्याचा हात तोंडाकडेच असतो.

राजम्याऐवजी बांगड्या. प्लॅस्टिकच्या, टिकली-खडा नसलेल्या, २-४ मापाच्या. आतला व्यास सव्वादोन इंच, म्हणजे गिळायचा प्रश्न नाही. तुळशीबागेत बांगड्यांचा स्टँड मिळतो, बहुतेक घरांत असतोच. एका दांडीवर थोरलीच्या, दुसरीवर धाकट्याच्या, रंग वेगळे. चढवायची ती ज्याची त्याने. दांडी धाकट्याच्या डोळ्यांच्या उंचीला येऊ देऊ नका, स्टँड टेबलावर ठेवा आणि बांगडी चढवताना त्याला मांडीवर घ्या. आणि मोजदाद करायची नाही. कुणाच्या किती झाल्या हे मोठ्यांनी एकदा जरी बोललं तरी तो स्कोअरबोर्ड झाला.

थोरलीचा पसारा त्यातूनच येतो. धाकट्याच्या पावलांचं कौतुक करताना तिला त्यात काम द्या: पलीकडे चार फुटांवर बसून हात पसरायचे, तो पोचला की टाळी तिने वाजवायची. ‘तू पण अशीच चालायला शिकली होतीस’ म्हणून तिचे त्या वयातले फोटो दाखवा. ‘तू तर बाराव्या महिन्यात चालायचीस’ हे मात्र नको. उद्या तेच वाक्य उलट्या बाजूने धाकट्याला ऐकावं लागेल.

चालण्याबद्दल: जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मानकांनुसार आधाराशिवाय चालणं ८.२ ते १७.६ महिन्यांच्या दरम्यान कधीही येतं. काही मुलं रांगतच नाहीत, थेट उभी राहतात. १४ व्या महिन्यात दोन पावलं म्हणजे वेळेवर आहे. १८ महिने भरले तरी धरल्याशिवाय चालत नसेल तर डॉक्टरांना दाखवा. लसीकरणाच्या वेळी मिळालेलं माता-बाल संरक्षण कार्ड नीट बघा, त्यात वयानुसार टप्पे चित्रांसकट दिलेले असतात. घरात अनवाणीच चालू द्या, पायाच्या बोटांना जमीन धरता आली की तोल येतो. चाकांचा वॉकर भेट म्हणून कुणी आणला तर परत करा. त्याने चालणं लवकर येत नाही, जिन्यावरून पडायची भीती मात्र वाढते.

रवापिठी
गोड काहीतरी हवंच असेल तर पोळीचा लाडू, पाच मिनिटं. सकाळच्या दोन पोळ्या हाताने बारीक कुस्करा (मिक्सरला फिरवल्या तर पीठ होतं, चव जाते), दोन टेबलस्पून चिरलेला गूळ, एक टेबलस्पून कोमट तूप. गूळ आधी तुपात हाताने मळून घ्या, मग पोळी घाला, नाहीतर खडे तसेच राहतात. वळला जात नसेल तर तूप वाढवू नका, चमचाभर दूध शिंपडा. कुस्करायचं काम मुलीला द्या. धाकट्याला गूळ नको, दोन वर्षांच्या आत वरून साखर-गूळ घालू नये असंच बालरोगतज्ज्ञ सांगतात. त्याच्या वाटणीची पोळी पिकलेल्या केळ्यात कुस्करा.

वारजेकर_आई
बांगड्या आणि लाडू, दोन्ही जमेल. एकच राहिलं. आम्ही आठला पोचतो तोवर आजींचे व्हिडिओ बघून झालेले असतात. मग मुलगी सांगायला लागली की तोंडून निघतं, ‘हो गं, बघितलं मी’.

बालवाडी_ताई
मग व्हिडिओ मुलं झोपल्यावर बघा. सासूबाईंना सांगा, ग्रुपवर फक्त एक शब्द टाकायचा: ‘बटण’. दारातून आत आल्यावर तुम्ही विचारायचं, ‘आज बटणाचं काय झालं म्हणे?’ पुढचं तिला सांगू द्या. सांगून झालं की शर्ट आणायला ती आपणहून पळते, तेव्हा चपला काढायच्या आधी खाली बसा, तुमचे डोळे तिच्या हातांच्या उंचीला हवेत. दाखवताना पहिल्यांदा बहुतेक वेळा फसतं, कारण तिचं लक्ष बटणाकडे नसून तुमच्या चेहऱ्याकडे असतं. हात मध्ये घालू नका, मनात वीसपर्यंत मोजा. ट्रॅफिकमुळे उशीर होऊन ती झोपलेली असेल तर सकाळी तोंड धुताना विचारा. त्या दिवशी सासूबाईंनी शर्ट उशाशी ठेवलेला असला की पुरे, तो दिसला की तिला बरोबर आठवतं.