जुनी निंजा १०००एसएक्स की नवी व्हर्सिस ६५०?

शहापूरवाला:
कावासाकीची २०२१ची निंजा १०००एसएक्स मोटरसायकल बघून ठेवलीय. अधनंमधनं बेळगावातनं पुण्याला फेरी, कधी चोर्ला घाटानं गोवा. मागं बायको असणार. माझी उंची साडेपाच फूट, सीटची उंची ८३५ मिमी. मित्र म्हणतात तेवढ्या पैशात कावासाकीचीच नवी व्हर्सिस ६५० घे. कुणी चालवलीय काय?

टिळकवाडी२२:
निंजाचं वजन २३८ किलो आहे. दारात उतार असंल तर आधी पाय टेकून मागं ढकलून बघा.

कणकुंबीचा पाऊस:
माझ्याकडं निंजा आहे. हायवेला तोड नाही. १०४३ सीसी, चार सिलिंडर. हत्तरगी सोडलं की क्रूझ कंट्रोल लावायचा, वेग आपोआप राहतो, मनगट मोकळं. हँडल उंच आहे, त्यामुळं सुपरबाईकसारखं टाकीवर लोटांगण घालावं लागत नाही. गुडघे मात्र दुमडतात. टाकी १९ लिटर, कऱ्हाडला चहा घेताना पेट्रोलही घ्या.

काच चार जागी वरखाली होते, पान्याशिवाय. छातीवरचा वारा जातो, पण तोच हेल्मेटवर घुमतो. प्रत्येकाला वेगळं लागतंय, चारी जागी चालवून बघा.

आता वहिनींचं. मागच्या सस्पेन्शनची स्प्रिंग आवळायला हातानं फिरवायचा नॉब आहे. दोघं बसली, बॉक्स भरले की तो आवळायचाच. नाहीतर गाडी मागं बसते, पुढचं चाक हलकं पडतं आणि वळणावर ती बाहेर पळायला बघते. तवंदी घाटात कळंल. निम्मे लोक त्या नॉबला हात लावत नाहीत, आणि सस्पेन्शन वाईट म्हणून बोंब मारतात!

चोर्ल्याला पावसाळ्यात ही नकोच. पुढचा फोर्क, म्हणजे पुढचं सस्पेन्शन, १२० मिमी दबतो, व्हर्सिसचा १५०. जांबोटीच्या पुढं एकेका खड्ड्यात फरक समजतो. आणि मागचं चाक फिरवायला चेन आहे, यामाहाच्या एफजेआर १३००सारखा शाफ्ट (बंदिस्त दांडा) नाही. भिजून आलात की चेन धुवून लूब (चेनचं वंगण) मारायची तयारी ठेवा.

शहापूरवाला:
नॉबचं कुणीच सांगितलं नव्हतं बघा. बायको म्हणायलीय, पावसात गोव्याला कारनंच जाऊया. मग निंजाच. रविवारी दोघं बसून काकतीपर्यंत चालवून बघतो.

टिळकवाडी२२:
साईड बॉक्स गाडीसोबत देतोय काय विचारा. प्रत्येकी २८ लिटरची जोडी असते, वेगळी घेतली तर खिसा फाटतो.