पावसाळ्यात रिफिल टोनरची पाने करडी येतात: चार्ज कंट्रोलची पूड मिसळावी का?

फोंडा_छपाई

नमस्कार मंडळी. गोव्यातील फोंडा बाजारात माझे झेरॉक्सचे व कार्ट्रिज भरून देण्याचे दुकान आहे. उन्हाळ्यात ज्या टोनरची (छपाईच्या पुडीची) छपाई स्वच्छ येते, तोच टोनर मृग लागला की पानाच्या कोऱ्या भागावर करडी झाक सोडू लागतो. चवथीच्या तोंडावर मंडळांच्या पावत्या छापायच्या वेळी तर तक्रारी हमखास येतात, आणि एक-चौदाच्या (जमिनीच्या नोंदीच्या) उताऱ्याची प्रत मळकट निघाली की गिऱ्हाईक ती पुन्हा काढून मागते. एका विक्रेत्याने 'चार्ज कंट्रोल'ची सुटी पूड देऊ केली आहे. ती टोनरच्या बाटलीत टाकून हलवली की पावसाळ्याचा त्रास जातो, असे त्याचे म्हणणे आहे. ही पूड घ्यावी, की टोनरच बदलावा? बदलायचा तर विक्रेत्याला नेमके काय विचारावे? माझ्याकडे बहुतेक काळ्या छपाईची लेसर यंत्रे येतात, थोडी रंगीतही असतात.

राळ_आणि_रंग

पूड घेऊ नये, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. त्याचे कारण थोडे विस्ताराने सांगतो.

टोनरचा कण साधारण ५ ते १० मायक्रॉनचा असतो आणि त्याचा बहुतांश भाग स्टायरीन-अ‍ॅक्रिलेट किंवा पॉलिएस्टर राळेचा असतो. त्यात काजळी किंवा रंगद्रव्य, मेण आणि साधारण १ ते ३ टक्के भार-नियंत्रक द्रव्य, म्हणजेच चार्ज कंट्रोल, असते. हे द्रव्य घर्षणातून कणावर येणाऱ्या विद्युतभाराचे चिन्ह, त्याचे प्रमाण आणि तो किती लवकर चढतो, या तिन्ही गोष्टींवर परिणाम करते. ऋण भाराच्या काळ्या टोनरात लोहाची किंवा क्रोमियमची अ‍ॅझो संयुगे वापरतात, तर धन भाराच्या काळ्या टोनरात निग्रोसिन हा जुना व भरवशाचा पर्याय आहे. हे पदार्थ स्वतःच गडद असल्यामुळे रंगीत टोनरात चालत नाहीत. तेथे सॅलिसिलिक आम्लाच्या साधितांची जस्त किंवा अ‍ॅल्युमिनियम संयुगे, अथवा धन भारासाठी चतुर्थक अमोनियम क्षार, असे जवळपास रंगहीन पदार्थ लागतात. तेव्हा काळ्यासाठी व रंगीतसाठी एकच पूड चालेल असे कोणी सांगत असेल, तर त्याच्या बोलण्यावर तेथेच शंका घ्यावी.

शिवाय हे द्रव्य वितळलेल्या राळेत मळून एकजीव केलेले असते. बाटलीत वरून टाकलेली पूड कणांवर सारखी बसत नाही. सुटी राहिलेली पूड डेव्हलपर रोलरवर (ड्रमपर्यंत टोनर नेणाऱ्या रुळावर) व डॉक्टर ब्लेडवर (त्या रुळावरचा थर सारखा करणाऱ्या पात्यावर) थर धरते, आणि मग मूळ दोषात पट्ट्यांची भर पडते.

पावसाळ्यात काय बिघडते, तेही पाहावे. हवेतील आर्द्रता वाढली की कणाच्या पृष्ठभागावर पाण्याचा अतिसूक्ष्म थर बसतो आणि त्यातून भार गळून जातो. आजच्या बहुतेक ऋणभारी यंत्रांत ड्रमचा, म्हणजे ज्यावर आधी प्रतिमा उमटते त्या रुळाचा, कोरा भाग तीव्र ऋण असतो व तो ऋण टोनरला दूर लोटतो. पण ज्या कणांवर भार उरलेला नाही किंवा उलट चिन्हाचा भार आला आहे, ते त्या कोऱ्या भागावर जाऊन बसतात. तीच तुमची करडी झाक. पॉलिएस्टर राळ स्वभावतः ऋण भार चांगला घेते, मात्र तिच्यातील आम्लगटांमुळे ती ओलावाही अधिक ओढते. म्हणून कणावर बाहेरून लावलेली सिलिका जलविरोधी केलेली आहे की नाही, हा प्रश्न आपल्या हवेत भार-नियंत्रकाइतकाच महत्त्वाचा ठरतो.

म्हापसा_ड्रमवाला

वरील मताशी सहमत आहे, फक्त एक दुरुस्ती सुचवतो. काही टोनरांत भार-नियंत्रक कणाच्या पृष्ठभागावरच बसवलेले असते, त्यामुळे ते नेहमी राळेत मळलेलेच असते असे नाही. मात्र ते काम कारखान्यातील वेगवान मिक्सरवर होते, बाटली हलवून होत नाही.

टोनरवर ठपका ठेवण्यापूर्वी दोष कोठे आहे ते तपासावे. यंत्र पान छापत असताना मध्येच थांबवावे, मंद उजेडात ड्रमच्या कोऱ्या भागावर सेलोटेप हलकेच लावून काढावी आणि ती पांढऱ्या कागदावर चिकटवून पाहावी. टेपवर टोनर दिसला तर झाक कागदापर्यंत पोहोचण्याआधीच तयार झालेली आहे. अशा वेळी आधी चांगला ड्रम व चांगला चार्ज रोलर (ड्रमला भार देणारा रूळ) घालून पाहावे, कारण हे दोन्ही झिजले तरी पान अगदी तसेच करडे येते. टेप स्वच्छ निघाली आणि अक्षरे फिकी किंवा तुटक असतील, तर कागद सर्दावला असण्याचीच शक्यता अधिक.

दुसरा मुद्दा बहुतेक दुकानांत दुर्लक्षित राहतो. हॉपरमध्ये (कार्ट्रिजच्या टोनर-कप्प्यात) जुना टोनर असताना त्यावर वेगळ्या बनावटीचा टोनर भरू नये. दोन्ही ऋण भाराचे असले तरी त्यांची भार-नियंत्रके वेगळी असतील, तर ते एकमेकांवरच घासून एकाचा भार उलटा होऊ शकतो. माझ्या मते पावसाळ्याच्या नावावर खपणाऱ्या बऱ्याच तक्रारी या सरमिसळीच्या असतात.

फोंडा_छपाई

सविस्तर उत्तरांबद्दल दोघांचेही आभार. सरमिसळ माझ्या दुकानात होते, हे मान्य करतो. क्योसेरा व ब्रदरची यंत्रेही येतात. काळ्या टोनरची एकच मोठी पिशवी सर्वांना चालेल का? आणि खरेदी करताना काय विचारू?

म्हापसा_ड्रमवाला

मुळीच चालणार नाही. त्या दोन्ही कंपन्यांच्या लेसर यंत्रांना धन भाराचा टोनर लागतो, तर एचपी व कॅनन यांच्या नेहमीच्या यंत्रांना ऋण भाराचा. शिवाय एचपी-कॅननच्या पुष्कळ काळ्या कार्ट्रिजांत मॅग्नेटाइट असलेला चुंबकीय टोनर असतो. चिन्ह चुकले तर झाक नव्हे, सबंध पानच वाया जाते. पिशव्यांवर यंत्राच्या मॉडेलसह धन किंवा ऋण असे ठळक लिहून ठेवावे.

राळ_आणि_रंग

विक्रेत्याला भाराचे चिन्ह, राळेचा प्रकार आणि टोनर कोणत्या मॉडेलसाठी बनवला आहे, हे लेखी विचारावे. त्यासोबत साधारण ३० अंश सेल्सिअस व ८० टक्के सापेक्ष आर्द्रतेला घेतलेली भाराची मोजणी मागावी. ती मायक्रोकूलोम प्रति ग्रॅम या एककात देतात. निव्वळ मोठा आकडा पाहून भुलू नये. भार फार झाला की टोनर रोलरला धरून बसतो आणि छपाई फिकी पडते. कोरड्या हवेतील व दमट हवेतील आकड्यांत फरक जितका कमी, तितका तो टोनर गोव्यात उपयोगी. रिफिल विक्रेत्यांपैकी थोडेच हा तपशील देतात, पण देणाऱ्याकडून किलोमागे काही रुपये जास्त देऊनही घ्यावा.

साठवणीचेही सांगतो. वातानुकूलित खोलीतील गार बाटली बाहेरच्या दमट हवेत लगेच उघडू नये, आत दव धरते. ती खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी. जून ते सप्टेंबर या काळात मोठ्या पिशवीऐवजी एका कार्ट्रिजपुरत्या बंद बाटल्या घेणे तुम्हाला परवडेल.

फोंडा_छपाई

पुडीला नकार कळवला आहे. आता ऋण व धन टोनर वेगळ्या फडताळांत ठेवतो आणि प्रत्येक हॉपर पूर्ण रिकामा करूनच भरतो. देव बरें करूं.