पार्सल पोचल्यावर वाढून आलेलं बिल: तुमचे अनुभव लिहा

दिवेवाली (धागाकर्ती):

पार्सल पाठवताना ठरलेले पैसे भरले, पावती घेतली, पार्सल पोचलं, म्हणजे आपल्या लेखी विषय संपला. मग काही आठवड्यांनी इन्व्हॉइस येतं आणि त्यात एक जादा ओळ असते. 'वजनातील तफावत', 'अतिरिक्त हाताळणी', 'पत्ता दुरुस्ती'. रक्कम अशी की भांडायला वेळ नाही आणि सोडून द्यायला जीव होत नाही. घरून छोटा धंदा करणाऱ्यांचा तर त्या पार्सलमागचा सगळा नफा त्या एका ओळीत जातो. चार जणांनी न विचारता पैसे भरले की पाचव्याने विचारलं तरी त्याच्याकडे विचित्र नजरेने बघतात, म्हणून हा धागा काढतेय.

एक विनंती. नुसतं "लुटतात हो" लिहून थांबू नका. आकार कोणत्या नावाने लागला, तुम्ही काय मागितलं, पुरावा काय दिला आणि उत्तर काय आलं, ते लिहा. नकार मिळाला असेल तर तोही लिहा, त्याचाही उपयोग होतो. कंपन्यांची नावं नकोत.

सुरुवात मी करते. मी कागदी दिव्यांच्या शेड बनवते. माल हलका, खोका मोठा, त्यामुळे मला नेहमी व्हॉल्यूमेट्रिक वजनानेच पैसे पडतात. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये घेऊन गुणायची आणि ५००० ने भागायचं, की किलो मिळतात. (काही सेवांना ६००० चा भाजक असतो. आपल्या करारात कोणता आहे ते आधी बघा, सगळा हिशेब त्यावर फिरतो.) माझा खोका ४०×३०×२५, म्हणजे ६ किलो. प्रत्यक्ष वजन अडीच. सहा किलोचे पैसे मी तक्रार न करता भरते, कारण गाडीत जागा तेवढीच अडते.

बिल आलं साडेसात किलोचं. फोनवर एकच उत्तर, "सिस्टीमने मोजलंय." मग मी मेल करून मोजलेली तिन्ही मापं मागितली. ४२×३२×२७ आली. प्रत्येक बाजूला फक्त २ सेंटीमीटर जास्त, पण गुणाकार केला की ७.२६ होतात आणि पुढच्या अर्ध्या किलोवर नेऊन साडेसात. माझ्याकडे पॅक केलेल्या खोक्याचे टेप लावून काढलेले फोटो होते, तिन्ही बाजूंचे, लेबल दिसेल असे. ते पाठवले आणि त्यांच्याकडचा फोटो मागितला. तो त्यांना देता आला नाही. फरकाची क्रेडिट नोट मिळाली, म्हणजे तेवढे पैसे बिलातून वजा झाले.

नटबोल्ट:

चांगला धागा काढलात ताई. योगायोगाने माझ्या खोक्याचं माप तुमचंच, ४०×३०×२५. आत रबरी गास्केट, काट्यावर साडेपाच किलो. बिल आलं ९८.५ किलोचं!

पहिल्यांदा वाटलं दशांश चिन्ह सरकलं असेल, पण ९.८५ सुद्धा कुठे बसत नव्हतं. मग ९८.५ ला व्हॉल्यूमेट्रिक वजनाने, म्हणजे ६ ने, भागून बघितलं, उत्तर १६.४ च्या जवळ. एका इंचात २.५४ सेंटीमीटर. त्याचा घन १६.३९. म्हणजे माझे सेंटीमीटरचे आकडे कुणीतरी इंच म्हणून चढवले होते. हे गणित तसंच मेलमध्ये लिहिलं आणि सोबत पिकअपच्या वेळची वजनाची नोंद जोडली. या प्रकरणात एका मेलवर काम झालं, कारण समोरच्या माणसाला चूक शोधायला लागली नाही, ती त्याच्यापुढे मांडलेली होती.

सगळ्यांना सांगणं हेच, की बिलातल्या वजनाला आपल्या हिशेबाने निघणाऱ्या वजनाने भागून बघा. १६.४ आलं तर इंच-सेंटीमीटरचा घोळ. २.२ आलं तर पौंड आणि किलो.

पट्ट्यावरून:

मी पार्सल हबमध्ये, म्हणजे पार्सलं जमा होऊन पुढे रवाना होतात तिथे, मोजणी यंत्राच्या शेजारी काम केलंय. आतली बाजू सांगतो, कारण यंत्र काय बघतं हे कळलं की तक्रार नेमकी लिहिता येते.

पट्ट्यावरून पार्सल जातं तेव्हा वर एक कमान असते. तिच्यात लेझर किंवा कॅमेरे. यंत्र खोका मोजत नाही. पार्सलचा जो काही आकार दिसतो तो सगळा मावेल असा लहानात लहान आयताकृती ठोकळा ते मोजतं. त्यामुळे बाहेर आलेलं काहीही मापात धरलं जातं. लोंबणारी पॅकिंग पट्टी, उभी राहिलेली टेपची टोकं, नीट न चिकटलेला लेबलचा पाऊच. खोका ठासून भरला असेल तर मधोमध फुगतो आणि माप त्या फुगवट्याचं येतं. दिवेवालीताई, तुमचे दोन-दोन सेंटीमीटर बहुधा तिथूनच आले असणार. खोका अर्धवट रिकामा असला तरी वाईट, वर दुसरं पार्सल पडलं की चेपतो आणि बाजू बाहेर येतात.

काळी किंवा चकचकीत फिल्म गुंडाळू नका. काळा पृष्ठभाग प्रकाश शोषतो, चकचकीत पृष्ठभाग भलतीकडे परतवतो, आणि माप हलतं.

आता महत्त्वाचं. दोन पार्सलं एकमेकांना चिकटून कमानीखालून गेली तर कधीकधी यंत्र त्यांना एकच समजतं. याची खूण अशी, की एकच माप जवळपास दुप्पट झालेलं असतं आणि बाकीची दोन तुमच्या मापांशी जुळतात. बिलात असं दिसलं तर बिनधास्त वाद घाला, आणि तक्रारीत "शेजारच्या पार्सलसकट मोजलं गेलंय, त्या वेळचा फोटो तपासा" असं स्पष्ट लिहा.

पार्सल वाटेत एकाहून जास्त हबमध्ये मोजलं जाऊ शकतं. बिल लावताना एक आकडा उचलला जातो. तुम्ही सगळ्या नोंदी मागा. बाकीच्या नोंदी तुमच्या मापाशी जुळल्या आणि एकच वेगळी निघाली, तर त्यांना बोलायला जागाच उरत नाही. फोटो आणि नोंदी कायम ठेवत नाहीत, म्हणून बिल हातात पडल्या पडल्या मागा, महिन्याच्या शेवटी सगळं एकदम बघू असं करू नका.

आणखी एक. पैसे आकारण्यासाठी वापरायच्या अशा यंत्रांना मापनशास्त्राची आंतरराष्ट्रीय शिफारस आहे, ओआयएमएल आर १२९. यंत्राची पडताळणी शेवटची कधी झाली, हे विचारण्यात काहीच गैर नाही. फोनवरच्या मुलांना ते माहीत नसतं, त्यांच्यावर चिडू नका. प्रश्न लेखी द्या, म्हणजे तो माहीत असलेल्या माणसाकडे जातो.

दिवेवाली:

दादा, फार मोलाचं लिहिलंत. टेपची उभी टोकं हे माझ्या डोक्यातही आलं नसतं.

नकाशेवाला:

मला नकार मिळाला, तो लिहितो. मी मोठे नकाशे गोल नळीतून पाठवतो. लांबी १०० सेंटीमीटर, व्यास १२. त्यांनी १००×१२×१२ धरून ३ किलो लावले, आणि वर अतिरिक्त हाताळणीचं शुल्क. माझं म्हणणं होतं की नळीचं खरं घनफळ १४,४०० घन सेंटीमीटर नाही, ११,३०० च्या आसपास आहे. उत्तरात त्यांनी अटींमधलं कलम पाठवलं. गोल वस्तूलाही चौकोनी मापच धरायचं, आणि पट्ट्यावर गडगडणारी वस्तू हाताने उचलावी लागते म्हणून वेगळं शुल्क. कलम आधीपासून होतं, छापील होतं. तिथे वाद संपला.

आता लांबट चौकोनी खोका वापरतो. घनफळ तेवढंच भरतं, पण हाताळणीची ओळ बिलातून गेली.

पुस्तकपोहोच:

माझा वाद 'पत्ता दुरुस्ती'चा. पुस्तकं ज्या पत्त्यावर पाठवली त्याच पत्त्यावर पोचली, तरी दुरुस्तीचे पैसे. मी लेबलची प्रत काढली आणि त्यांनी 'दुरुस्त' केलेला पत्ता मागवून शेजारी ठेवला. अक्षर न अक्षर तेच, फक्त 'मार्ग' हा शब्द पूर्ण लिहिला होता त्याचं त्यांच्या यादीप्रमाणे संक्षिप्त रूप केलेलं. दुरुस्ती संगणकाने आपोआप केली, कुणा माणसाला पत्ता शोधत फिरावं लागलं नाही. दोन्ही पत्ते एकाखाली एक लिहून पाठवले आणि विचारलं, "यातला कोणता भाग चुकीचा होता?" शुल्क मागे घेतलं.

हे एकदा झाल्यावर मी जुनी बिलं काढून बसले. त्याच गिऱ्हाइकाला गेलेल्या प्रत्येक पार्सलवर तीच ओळ होती. जुन्यांपैकी काहींची मुदत टळली होती, त्यांचे पैसे मिळाले नाहीत. तक्रारीची मुदत अटींमध्ये लिहिलेली असते आणि ती उलटली की बरोबर असूनही काही उपयोग होत नाही. माझा खरा राग यावर आहे. चूक त्यांची, आणि ती वेळेत शोधून काढायची जबाबदारी आपली.

भिंगवेडा:

माझं प्रकरण परदेशी पार्सलचं, जरा लांब आहे.

कॅमेऱ्याची जुनी लेन्स दुरुस्तीला बाहेरदेशी पाठवली होती. परत आली तेव्हा दारात आलेल्या माणसाने पैसे मागितले, तेही नवी लेन्स विकत घेतल्यासारखे. मी त्याच्याशी वाद घातला नाही, त्याच्या हातात काहीच नसतं. पावती मात्र नीट वाचली. तीत तीन वेगळ्या गोष्टी एकत्र होत्या. एक सीमाशुल्क, दुसरा त्यावरचा कर, आणि तिसरं कुरिअर कंपनीचं स्वतःचं शुल्क, कारण सरकारकडे हे पैसे तिने माझ्या वतीने आधी भरले होते.

हे तीन भाग वेगळे केल्याशिवाय एक पाऊल पुढे जाता येत नाही. पहिले दोन कंपनीच्या खिशात जात नाहीत, ती ते परत देऊच शकत नाही, त्यासाठी सीमाशुल्क खात्याकडे अर्ज लागतो. तिसऱ्याबद्दल फक्त कंपनीशी बोलायचं. मी आधी सगळी रक्कम कंपनीकडे मागत होतो आणि ते मला खात्याकडे पाठवत होते, खातं पुन्हा कंपनीकडे.

पाठवतानाची पावती, त्यावर लेन्सचा अनुक्रमांक, दुरुस्तीचं बिल आणि दुरुस्तीवाल्यांचं पत्र, एवढं जोडून खात्याला अर्ज केला. बऱ्याच देशांत दुरुस्त होऊन परत येणाऱ्या वस्तूला पूर्ण किमतीवर कर न लावायची सोय असते, पण ती आपण होऊन मागावी लागते, आणि वस्तू बाहेर जातानाच 'दुरुस्तीसाठी, परत येणार' अशी नोंद असेल तर काम सोपं होतं. माझ्या कागदावर अनुक्रमांक होता म्हणून तीच वस्तू परत आली हे सिद्ध झालं. कराचा मोठा भाग परत मिळाला. कंपनीचं शुल्क मिळालं नाही. त्यांचं म्हणणं, आम्ही भरणा केला ते काम तर झालं. मला ते आजही पटत नाही, कारण परत पाठवणाऱ्याच्या इन्व्हॉइसवर 'दुरुस्त माल' असं स्वच्छ लिहिलेलं होतं आणि ते वाचणं हेही त्यांच्याच कामात येतं.

निर्यातवाली:

भिंगवेडा, याला जोडून. विकलेला माल असेल तर लेबलवर डीडीपी आहे की डीएपी ते बघा. डीडीपी म्हणजे शुल्क-कर पाठवणाऱ्याने भरायचे, डीएपी म्हणजे घेणाऱ्याने. माझ्या गिऱ्हाइकाकडून डीडीपी असूनही दारात पैसे घेतले गेले. बुकिंगची प्रत आणि गिऱ्हाइकाची पावती एकत्र पाठवल्यावर त्यांना परत मिळाले. गिऱ्हाइकाला तक्रार करायला लावू नका, करार आपला असतो, आपणच करा.

सावधान:

एक वेगळी पण गरजेची गोष्ट. "तुमचं पार्सल अडकलंय, थोडी रक्कम भरा" असा मेसेज आणि खाली लिंक आली तर ती उघडूच नका. पार्सलचा क्रमांक कंपनीच्या साइटवर स्वतः टाइप करून बघा. माझ्या आईला असा मेसेज आला होता आणि तिची खरोखरच एक वस्तू यायची होती, त्यामुळे तिला तो खरा वाटला. रक्कम अगदी लहान ठेवतात, कारण त्यांना कार्डाची माहिती हवी असते.

वसुलीग्रस्त:

माझ्या चालू खात्यावर वादातली एक रक्कम होती. मी चिडून सगळं बिलच अडवलं. त्यांनी खातं बंद केलं, पिकअप थांबले, मग वसुली करणाऱ्या एजन्सीचं पत्र आलं. तेव्हा ओळखीच्या एका हिशेबनिसाने मार्ग दाखवला. वाद नसलेली रक्कम लगेच भरायची, भरताना कोणत्या ओळींचे पैसे भरले ते लिहायचं, आणि उरलेल्या ओळीबद्दल "ही रक्कम वादग्रस्त आहे, तक्रार क्रमांक अमुक" असं कंपनीला आणि एजन्सीला दोघांनाही कळवायचं. तसं केल्यावर खातं सुरू झालं आणि ती ओळ वेगळी तपासली गेली.

फोनवर बोलणं झालं तरी लगेच मेल टाका: "आत्ता आपलं असं बोलणं झालं." तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका.

दिवेवाली:

सगळ्यांचं वाचून माझा मेलचा मसुदा सुधारला आहे. हवा तसा वापरा. (एअरवे बिल क्रमांक म्हणजे पार्सलच्या लेबलवरचा क्रमांक.)

"विषय: इन्व्हॉइस क्र. ___, एअरवे बिल क्र. ___, '___' या आकाराबाबत तक्रार.

वरील पार्सल मी ___ × ___ × ___ सेंटीमीटर आणि ___ किलो असं पाठवलं. लेबलसह मोजमापाचे फोटो सोबत आहेत. आपण ___ × ___ × ___ आणि ___ किलो धरून आकारणी केली आहे. कृपया पुढील गोष्टी कळवाव्यात: हे माप कोणत्या हबमध्ये आणि किती वाजता घेतलं, त्या वेळचा फोटो, इतर हबमधल्या नोंदी, आणि ज्या कलमानुसार आकार लावला ते कलम. वाद नसलेली रक्कम भरली आहे. फरकाच्या रकमेची क्रेडिट नोट द्यावी. तपास पूर्ण होईपर्यंत ही रक्कम थकबाकीत धरू नये."

पट्ट्यावरून:

मसुदा उत्तम आहे. फक्त एका मेलमध्ये एकच एअरवे बिल घ्या. एका मेलमध्ये पाच घातलीत तर पहिल्याचा निकाल लागतो आणि तक्रार बंद म्हणून शिक्का बसतो, बाकीची चार तशीच राहतात.