ब्लाउज शिवते, मणक्याचा टीबी निघालाय. तीन महिने काम बंद, कमाईचं काय करायचं?

शिवणघर_बारामती

नमस्कार. बारामतीजवळच्या गावात माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे, सहा वर्षं झाली. दोन मशिनी, एक पिको-फॉलची, हाताखाली एक मुलगी. लग्नसराईत दिवसाला सात-आठ अस्तराचे ब्लाउज निघतात.

दिवाळीपासून पाठ दुखत होती. शिवणाऱ्या बाईची पाठ दुखायचीच, म्हणून बाम चोळून बसत राहिले. मग संध्याकाळी कणकण यायला लागली, ब्लाउज ढगळ व्हायला लागले. स्वतःचंच माप घेतलं तर छाती दोन इंच कमी. तेव्हा घाबरले. एमआरआय झाला, सुईने तपासणी झाली, मणक्याचा टीबी निघाला. गोळ्या सरकारी दवाखान्यातून फुकट मिळतात, वर्षभर तरी चालतील. डॉक्टरांनी पट्टा दिलाय आणि तीन महिने मशीनवर बसायचं नाही असं बजावलंय.

औषधाची चिंता नाही, चिंता घर चालवायची आहे. मिस्टरांचा दीड एकर ऊस आहे, त्याचे पैसे कारखान्याकडून येतील तेव्हा येतील. मशिनींसाठी घेतलेल्या मुद्रा कर्जाचा ३,९०० रुपये हप्ता दर महिन्याला जातोच. मेडिक्लेम आहे. तो देताना एजंट म्हणाला होता, आजारी पडलात तर कसलीच काळजी नको. आता म्हणतो, ॲडमिट झालात तर दवाखान्याचं बिल मिळेल, बुडालेल्या कामाचे पैसे त्यात नसतात.

दुकान काढायच्या आधी मी गारमेंट कंपनीत होते. ११,००० पगार, त्यातून ईएसआयचे, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याचे, आधी १९३ रुपये जायचे आणि जुलै २०१९ पासून ८३. आमच्या लाइनवरची एक बाई आजारी पडली तेव्हा तिला घरी बसून पैसे मिळालेले मी पाहिलेत. स्वतःचं काम करणाऱ्याला असं काही मिळतं का? मला पैसे भरायलाही हरकत नव्हती, पण कुठे भरायचे तेच कोणी सांगितलं नाही.

टाइमऑफिस_चाकण

ताई, कंपनीत ईएसआयचं काम मीच बघतो म्हणून स्पष्ट सांगतो. तुम्ही कामगार असता तर पहिले ९१ दिवस पगाराच्या ७० टक्के मिळाले असते. टीबी त्यांच्या ३४ दीर्घ आजारांच्या यादीत आहे, त्यामुळे पुढे ८० टक्क्यांनी दोन वर्षांपर्यंत लाभ चालू राहू शकला असता. त्याला आधीची सलग दोन वर्षं नोकरी आणि ठरावीक दिवसांची वर्गणी लागते. ११,००० पगारावर पहिले तीन महिने ७,७००, नंतर ८,८००.

पण हे २१,००० पर्यंत पगार असलेल्या कामगारासाठी आहे, आणि साधारण दहा किंवा जास्त माणसांच्या आस्थापनेत. मालकाला आत यायला दारच नाही. तो स्वतः मशीनवर बसून शिवत असला तरी मालकच. मला हे फार चुकीचं वाटतं. मी रोज ज्यांची नावं भरतो त्यांच्यात आणि तुमच्यात कष्टाचा काही फरक नाही.

पॉलिसी_वाचा_सांगली

मी विम्याचंच काम करतो. एजंटने तुम्हाला अर्धवट सांगितलं, याचं वाईट वाटलं. खरी स्थिती अशी. हॉस्पिटल कॅश नावाची पॉलिसी रोजची ठरलेली रक्कम देते, पण ॲडमिट असलेल्या दिवसांचीच. घरी पट्टा बांधून पडलेले दिवस त्यात धरत नाहीत. अपघात विम्यात काम बंद राहिल्याबद्दल आठवड्याला पैसे मिळायची सोय असते, तीही अपघात झाला तरच. पंतप्रधान सुरक्षा विमा वर्षाला २० रुपयांत मिळतो, पण तो अपघाती मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वासाठी. गंभीर आजाराच्या पॉलिसीत कॅन्सर, हार्ट ॲटॅक, पक्षाघात असे आजार नावानिशी लिहिलेले असतात, टीबी त्यात सापडणार नाही. आणि आता नवी पॉलिसी काढलीत तर हा आजार आधीपासूनचा धरला जाईल, त्यासाठी तीन वर्षांपर्यंत थांबायला लावतात. म्हणून या घडीला कोणी काही विकायला आलं तर घेऊ नका.

टीबी_वॉर्ड_सातारा

निक्षय पोषणचे, म्हणजे टीबीच्या पेशंटला खाण्यापिण्यासाठी सरकार देतं ते पैसे चालू झाले का? १ नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याचे ५०० वरून १,००० झालेत. जिथून गोळ्या घेता तिथेच आधार आणि पासबुकची झेरॉक्स द्या, पैसे थेट खात्यात येतात. त्यावर घर चालणार नाही, अंडी, दूध, डाळीला उपयोग होईल. आणि एक कळकळीने सांगते. दोन महिन्यांत पाठ हलकी वाटते आणि बायका गोळ्या सोडून मशीनवर बसतात. तसं करू नका. घरातल्या मुलांचीही तपासणी करून घ्या.

डबे_म्युनिक

मी इथे जर्मनीत घरगुती डब्यांचा व्यवसाय करते. सरकारी आरोग्य विम्यात स्वेच्छेने राहिलेल्या स्वयंरोजगारवाल्याला इथे निवड करता येते. १४ टक्क्यांऐवजी १४.६ टक्के वर्गणी भरली की आजारपणाच्या ४३व्या दिवसापासून कमाईच्या ७० टक्के मिळतात. पहिले सहा आठवडे आपले आपण काढायचे. तुम्ही लिहिलंत ना, भरायला हरकत नव्हती म्हणून, ते वाचून हे सांगावंसं वाटलं. अशी वर्गणी घेता येते.

कात्री_नाशिक

ताई, माझं सलून आहे. २०२१ मध्ये कावीळ झाली, सहा आठवडे शटर खाली. बँकेत गेलो नाही, लाज वाटली. ती चूक तुम्ही करू नका. हप्ता चुकायच्या आधी डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडून लेखी अर्ज द्या, मुदत वाढवून मागा, पोच घ्या. ९० दिवस थकलं की खातं एनपीएत, म्हणजे बँकेच्या थकीत कर्जांच्या यादीत जातं, मग कोणी ऐकत नाही.

बरा झाल्यावर आमच्या गल्लीतल्या पाच सलूनवाल्यांनी मिळून वही घातली. दर सोमवारी, सुट्टीच्या दिवशी, प्रत्येकी २०० रुपये. सात दिवसांच्या वर जो आजारी पडेल त्याला रोज ५००, जास्तीत जास्त तीस दिवस. वर्षाला ५२,००० जमतात. आतापर्यंत दोघांना दिले, एकाला डेंग्यू झाला होता आणि एकाचं हर्नियाचं ऑपरेशन. शिवाय दुसऱ्या दुकानातला पोरगा जाऊन त्याची खुर्ची चालवतो, गिऱ्हाईक तुटत नाही. पैशापेक्षा याचा आधार मोठा झाला.

शिवणघर_बारामती

सगळ्यांचे मनापासून आभार. सोमवारी मिस्टरांबरोबर बँकेत गेले, अर्ज दिला, शिक्क्याची पोच घेतली. पुढच्या आठवड्यात कळवतो म्हणालेत. पासबुकची झेरॉक्सही दवाखान्यात दिली.

डॉक्टरांना विचारलं. पट्टा बांधून दिवसातून दोनदा अर्धा तास उभं राहायला हरकत नाही म्हणाले. कापायचं टेबल चार विटांवर उंच केलंय. मी उभ्याने कापते, शिलाई मुलगी करते, अडलं तर पलंगावरून सांगते. त्रेचाळीस ब्लाउज अंगावर होते. त्यातले सतरा शेजारच्या गावातल्या शिवणाऱ्या बाईकडे मापाच्या ब्लाउजसकट पाठवले. गिऱ्हाइकांना स्वतः फोन करून सांगितलं, एकीनेही कुरकुर केली नाही. उरलेल्या सव्वीस पिशव्या लग्नाच्या तारखेप्रमाणे कपाटात लावून ठेवल्यात.

कात्रीदादा, तुमच्या वहीतले नियम कसे लिहिलेत त्याचा फोटो टाकाल का? आमच्या गावात माझ्यासकट चौघी शिवतात. त्यांना दाखवायचाय.