आवाज दाबणारे हेडफोन दिवसभर कानांवर: आपल्या भागात ही सवय योग्य आहे का?

धागाकर्ता, खानापूर

निवृत्तीनंतरही मी आठवड्यातून चार दिवस खानापूरहून बेळगावला बसने जातो. कानांवर वायरलेस हेडफोन चढवून बसलेली महाविद्यालयीन मुले आता जवळजवळ प्रत्येक बाकावर दिसतात. गाणी ऐकण्याला माझा विरोध नाही. मात्र बाहेरचा आवाज दाबून टाकणाऱ्या, म्हणजे नॉइज कॅन्सलेशन असलेल्या हेडफोनचा सर्रास वापर मला अयोग्य वाटतो.

हे तंत्र कोणासाठी विकसित झाले ते पाहावे. आवाजाच्या लाटेवर तिचीच उलटी लाट सोडून ती शमवण्याच्या कल्पनेचे अमेरिकी पेटंट पॉल ल्यूग या जर्मन संशोधकाला १९३६ मध्ये मिळाले. १९७८ मध्ये विमानप्रवासात इंजिनाच्या घरघरीमुळे संगीत नीट ऐकू येईना, तेव्हा ध्वनी-अभियंते अमर बोस यांनी या कामाला हात घातला आणि १९८९ मध्ये त्यांच्या कंपनीने वैमानिकांसाठी असा हेडसेट बाजारात आणला. म्हणजे एका जागी बसून तासन्तास एकच घरघर सोसणाऱ्या माणसाची ती गरज होती. बेळगावच्या गणपत गल्लीतून चालणाऱ्या माणसाला मागून येणारी रिक्षा आधी कानांनीच कळते.

दुसरे कारण मला अधिक जवळचे आहे. माझे सगळे शिक्षण मराठीत झाले. कन्नड मी बसमध्ये शिकलो. कंडक्टरचे ‘मुंद होग्री’ (पुढे चला), बाजाराला निघालेल्या बायकांचा भावावरून चाललेला वाद, मध्येच कोणीतरी मराठीत घेतलेली फिरकी, हे सारे ऐकता ऐकता दोन वर्षांत मला ती भाषा बोलता येऊ लागली आणि पुढे नोकरीत तीच उपयोगी पडली. आज त्याच बसमधून उतरणारा मुलगा नाव घेऊन मारलेली हाकही ऐकत नाही.

वडगाव, बेळगाव

गुरुजी, बसबद्दलचे आपले म्हणणे मान्य आहे. परंतु सवयीला सरसकट अयोग्य ठरवण्यापूर्वी आमच्यासारख्यांची घरे डोळ्यांसमोर आणावीत. आमच्या सोप्यात चार यंत्रमाग आहेत आणि मागच्या खोलीत पी.यू.सी.च्या दुसऱ्या वर्षाची, म्हणजे बारावीची, माझी मुलगी अभ्यास करते. वीज असेल तेव्हा माग चालवावेच लागतात. परीक्षा आहे म्हणून ते बंद ठेवले तर त्या आठवड्याची मजुरी बुडते. पूर्वी ती रात्री माग थांबल्यावर पुस्तक उघडत असे आणि पहाटे पेंगत क्लासला जात असे. दिवाळीत मी तिला हे हेडफोन घेऊन दिले. त्यांनी मोटरीची घरघर जवळजवळ नाहीशी होते. आडवा धागा नेणाऱ्या धोट्याचा खटका मात्र ऐकू येतोच, पण त्याची धार कमी होते. ती गाणीही लावत नाही, नुसते कानांवर चढवून वाचते. श्रीमंताच्या मुलाला शांत खोली असते. माझ्या मुलीला ती या हेडफोनच्या किमतीत मिळाली.

टिळकवाडी

मी गुरुजींच्या बाजूचा आहे, पण माझे कारण वेगळे आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. प्रत्येकाने आपापले कान झाकून घेतले, तर ती पाळा असे सांगायला जाणार कोण?

उद्यमबाग, फौंड्रीतील सुरक्षा कर्मचारी

वडगावच्या दादांनी खटक्याबद्दल लिहिले ते अगदी बरोबर आहे. हेडफोनमधील मायक्रोफोन बाहेरचा आवाज टिपतो, आतले यंत्र त्याची उलटी लाट तयार करते आणि दोन्ही एकमेकींना शमवतात. पंखा, मोटर, बसचे इंजिन अशा सलग, खालच्या पट्टीतल्या आवाजावर हे उत्तम चालते. अचानक होणारा ठोका, हॉर्न किंवा माणसाचे बोलणे यांवर त्याचा प्रभाव कमी पडतो. तिथे कानाभोवतीची गादीच काय ती अडवते. माझी खरी काळजी पुढेच आहे. आमच्याकडची काही तरुण मुले असे इअरबड घालून भट्टीजवळ उभी राहतात आणि कान सुरक्षित आहेत असे समजतात. कारखान्यांच्या नियमांत ८ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे. तिच्या वरच्या आवाजात किती डेसिबलची घट होते याचे मानांकन असलेले इअरमफ (कान पूर्ण झाकणारी साधने) किंवा कानात घालायचे प्लगच वापरावे लागतात. जागतिक आरोग्य संघटना ऐकण्याच्या साधनांसाठी तर मोठ्या माणसाला आठवड्याला ४० तास ८० डेसिबल एवढेच सुरक्षित मानते, आणि दर ३ डेसिबलच्या वाढीला ही वेळ निम्मी होते.

गुरुजी, एक गोष्ट या हेडफोनच्या बाजूनेही सांगतो. साधे इअरफोन घालणारा मुलगा बसच्या आवाजावर मात करण्यासाठी गाणे मोठे करतो. घरघर दाबली गेली की त्याला कमी आवाजातही स्पष्ट ऐकू येते.

आणि दादा, मुलीची सोय आपण केलीत. पण दिवसभर मागावर उभे राहताना आपण स्वतः कानात काय घालता?

धागाकर्ता, खानापूर

वडगावच्या घराचा विचार मी केला नव्हता. अभ्यासाच्या खोलीपुरता माझा आक्षेप मागे घेतो. रस्ता, रेल्वे फाटक आणि बस यांबाबत मात्र माझे मत तेच आहे. बाहेरचा आवाज आत घेण्याची सोय बऱ्याच हेडफोनमध्ये असते. निदान घराबाहेर पडताना मुलांनी ती चालू करावी.

वडगाव, बेळगाव

कापसाचे बोळे घालतो, वडीलही तेच घालत. त्यांना साठीच्या आधीच ऐकू येईनासे झाले होते. या आठवड्यात उद्यमबागेत येऊन आपण सांगता तसे मफ पाहतो. कोणते घ्यावेत ते कृपया लिहा.

गुरुजी, हाकेबद्दल आपण लिहिलेत म्हणून सांगतो: मुलीला बोलवायचे असले की मी मागच्या खोलीचा दिवा दोनदा लावून विझवतो. ती लगेच बाहेर येते.